पदवी पुरेशी होती का? मेरी चर्च टेरेल आणि वॉशिंग्टनची विद्यापीठ-महिला शाखा (१९४६-४९)

ऑक्टोबर १९४६ मध्ये मेरी चर्च टेरेल यांनी 'अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी विमेन' या पदवीधर स्त्रियांच्या संस्थेच्या वॉशिंग्टन शाखेकडे एक साधा अर्ज केला. पूर्वी त्या या संस्थेच्या सभासद होत्या, मध्यंतरी ते सभासदत्व खंडित झाले होते आणि ते पुन्हा सुरू करून मिळावे, एवढीच त्यांची विनंती होती. त्यांचे वय तेव्हा ८३ वर्षांचे होते. ओहायोतल्या ओबरलिन महाविद्यालयाची १८८४ सालची बी.ए. आणि १८८८ सालची एम.ए. अशा दोन पदव्या त्यांच्याकडे होत्या. शाखेने अर्ज नाकारला. टेरेल कृष्णवर्णीय होत्या, हे त्याचे कारण होते. या नकारातून राष्ट्रीय संस्था आणि तिची राजधानीतली शाखा यांच्यात वाद पेटला, तो न्यायालयात गेला, आणि तीन वर्षांनी संस्थेला आपली घटना बदलावी लागली.

स्त्रियांच्या शिक्षणसंस्थांचा इतिहास लिहिताना शिष्यवृत्त्यांची यादी, पहिल्या डॉक्टरेट आणि वर्धापनदिन यांवर भर दिला जातो. चहापान, भोजनगृह, पाहुण्यांच्या खोल्या, वर्गणी आणि प्रवेश समिती यांचा उल्लेख झालाच तर तळटीपेत होतो. या प्रकरणात मात्र सगळा वाद त्या तळटीपेतल्या गोष्टींवरूनच झाला, म्हणून ते तपशिलात पाहण्यासारखे आहे.

संस्था कशी उभी राहिली

या संस्थेचे मूळ बोस्टनमध्ये आहे. नोव्हेंबर १८८१ मध्ये ८ महाविद्यालयांतून पदवी घेतलेल्या १७ तरुणी तिथे एकत्र आल्या आणि जानेवारी १८८२ मध्ये 'असोसिएशन ऑफ कॉलेजिएट अ‍ॅलम्नी' ही संघटना रीतसर स्थापन झाली. मॅरियन टॅल्बट आणि रसायनशास्त्रज्ञ एलेन स्वॅलो रिचर्ड्‌स या तिच्या मागच्या प्रमुख व्यक्ती. पदवी मिळवून घरी परतलेल्या मुलीपुढे तेव्हा फारसे काही नसे. तिच्या शिक्षणाचा उपयोग करून घेईल अशी नोकरी मिळत नसे आणि त्या शिक्षणाबद्दल बरोबरीने बोलता येईल अशी सोबतही गावात सापडत नसे. आपल्यासारख्याच शिकलेल्या बायकांची सोबत ही पहिली गरज होती आणि पुढच्या मुलींसाठी दार उघडे ठेवणे ही दुसरी. संस्थेचे सामाजिक आणि शैक्षणिक असे दोन्ही अंग या दोन गरजांतून एकाच वेळी जन्मले.

सुरुवातीचे काम ठणठणीत होते. हार्वर्डमधले डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, उच्च शिक्षणाच्या ताणाने मुलींच्या शरीराची, विशेषतः प्रजननक्षमतेची, हानी होते. संघटनेने त्याला लेख लिहून उत्तर देण्याऐवजी पदवीधर स्त्रियांनाच प्रश्नावली पाठवली. १,२९० जणींना ती गेली, ७०५ जणींनी ती भरून पाठवली आणि त्यातल्या ७८ टक्के स्त्रियांची प्रकृती चांगली असल्याचे दिसले. मॅसॅच्युसेट्‌स राज्याच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या साहाय्याने हा अहवाल १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बायकांच्या तब्येतीवर पुरुष डॉक्टर तर्क लढवत होते, त्या बायकांनीच आकडे गोळा करून ते मांडले, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

मग आल्या शिष्यवृत्त्या. अमेरिकेतली बहुतेक मोठी विद्यापीठे तेव्हा स्त्रियांना डॉक्टरेट देत नव्हती, म्हणून संघटनेने पैसे जमवून मुलींना युरोपात पाठवायला सुरुवात केली. आयडा हाइड यांना १८९३ मध्ये अशी पाठ्यवृत्ती मिळाली. त्या आधी स्ट्रासबर्गला आणि नंतर हायडेलबर्गला गेल्या. हायडेलबर्गचे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक व्हिल्हेल्म क्यूने यांनी त्यांना आपल्या व्याख्यानांना बसू दिले नाही, तेव्हा साहाय्यकांनी उतरवून दिलेल्या टिपणांवर त्यांनी अभ्यास केला आणि १८९६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. परीक्षा घेतल्यावर क्यूने यांना त्यांची योग्यता मान्य करावीच लागली. पण सर्वोच्च श्रेणीचे रूढ शब्द एका स्त्रीला देता येत नाहीत म्हणून त्यांनी तिच्यासाठी एक निराळीच लॅटिन शब्दयोजना तयार केली. पुढे हाइड यांनी स्वतः नेपल्सच्या प्राणिशास्त्र केंद्रात अमेरिकन स्त्री-संशोधकांसाठी एक जागा राखून ठेवण्याची व्यवस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. एका पाठ्यवृत्तीने दहा जणींची वाट कशी मोकळी होते, याचे हे उदाहरण संस्थेने नेहमी अभिमानाने सांगावे असेच आहे.

१९२१ मध्ये दक्षिणेकडच्या राज्यांतली महाविद्यालयीन स्त्रियांची संघटना या संघटनेत विलीन झाली आणि संस्थेला आजचे नाव मिळाले. त्याआधी १९१९ मध्ये विद्यापीठ-स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला होता. त्यात अमेरिकेकडून बर्नार्ड महाविद्यालयाच्या डीन व्हर्जिनिया गिल्डरस्लीव्ह आणि ब्रिटनकडून कॅरोलाइन स्पर्जन यांचा मोठा वाटा होता. १९२७ मध्ये संस्थेने १० लाख डॉलरचा पाठ्यवृत्ती निधी उभारण्याचे ठरवले. या पैशांतला फार मोठा भाग गावोगावच्या शाखांनी जमवला, तोही जुन्या पुस्तकांची विक्री, नाटकाचे खेळ, भोजनाचे कार्यक्रम अशा मार्गांनी. म्हणजे शाखेतला चहा आणि हायडेलबर्गमधली डॉक्टरेट यांच्यात अगदी प्रत्यक्ष पैशाचा संबंध होता. चहाला कोण बसणार, हा प्रश्न त्यामुळेच गौण राहू शकत नव्हता.

या निधीचा हात परदेशांपर्यंत पोहोचत होता. मराठी वाचकांना परिचित असलेल्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला भागवत, म्हणजे पुढे कमला सोहोनी, १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंब्रिजमध्ये फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या संस्थेत काम करत असताना त्यांना अमेरिकेतल्या विद्यापीठ-स्त्रियांच्या संघटनेची प्रवास शिष्यवृत्ती मिळाली होती. मुंबईच्या एका मुलीसाठी अमेरिकन सभासद आनंदाने पैसे देत होत्या आणि ते योग्यच होते. त्याच संस्थेच्या राजधानीतल्या शाखेत मात्र ओबरलिनच्या पदवीधर स्त्रीला जेवणाच्या टेबलाशी जागा नव्हती. दूरच्या मुलीला शिष्यवृत्ती देणे सोपे असते, कारण तिच्याशेजारी बसावे लागत नाही, हे इथे स्पष्टच म्हटले पाहिजे.

अर्ज करणारी स्त्री

टेरेल यांचा जन्म १८६३ मध्ये टेनेसी राज्यातल्या मेंफिसमध्ये झाला. त्यांचे आईवडील दोघेही आधी गुलामगिरीत होते. ओबरलिनमध्ये त्यांनी मुलींसाठीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम न घेता मुलांसाठीचा चार वर्षांचा अभिजात भाषांचा अभ्यासक्रम घेतला. नंतर दोन वर्षे युरोपात राहून भाषा शिकल्या. वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शाळेत त्यांनी लॅटिन शिकवले, १८९५ मध्ये त्या शहराच्या शिक्षण मंडळावर नियुक्त झाल्या आणि १८९६ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. १९०४ मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेत त्यांनी जर्मनमध्ये भाषण केले होते. एखाद्या विद्यापीठ-महिला क्लबने सभासद म्हणून आग्रहाने बोलवावे, अशी ही व्यक्ती होती.

त्यांच्या पदवीबद्दल तर शंकेला जागाच नव्हती. ही संस्था सुरुवातीपासून मान्यताप्राप्त महाविद्यालयांची यादी ठेवत असे आणि त्या यादीतल्या महाविद्यालयाची पदवी असेल तरच स्त्री सभासद होऊ शकत असे. १८८१ मध्ये ज्या ८ महाविद्यालयांच्या पदवीधर बोस्टनला जमल्या होत्या, त्यांत ओबरलिन होते. याच यादीमुळे एक दुसरा अन्याय मात्र अनेक दशके चालू राहिला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेली महाविद्यालये तिच्यात नव्हती, त्यामुळे त्यांच्या पदवीधर स्त्रियांना कोणी नाकारण्याची गरजच पडत नसे. त्या अर्जाच्या पायरीपर्यंतच पोहोचत नसत. टेरेल यांना याची पूर्ण जाणीव होती. १९१० मध्ये वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय पदवीधर स्त्रियांचा जो 'कॉलेज अ‍ॅलम्नी क्लब' स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांत त्या होत्या. १९२३ मध्ये त्या क्लबच्या पायावर राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि वॉशिंग्टनमधल्या, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठीच्या हॉवर्ड विद्यापीठात महिलांच्या डीन असलेल्या ल्यूसी डिग्ज स्लो तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. या संघटनेनेही मुलींना शिष्यवृत्त्या दिल्या आणि हॉवर्डसारख्या संस्थांत शिकणाऱ्या मुलींच्या निवासाच्या नि वागणुकीच्या प्रश्नांत लक्ष घातले. एकाच शहरात, एकाच हेतूच्या, पदवीधर स्त्रियांच्या दोन संस्था शेजारीशेजारी चालू होत्या. त्यांना वेगळे ठेवणारी गोष्ट शिक्षण नव्हती, हे दोघींच्या कामाकडे नुसते पाहिले तरी कळते.

शाखेची बाजू

वॉशिंग्टन शाखेचा युक्तिवाद तपासताना तो कमी लेखून चालणार नाही, कारण तो प्रामाणिकपणे मांडला गेला होता आणि असे युक्तिवाद अनेक क्लबांच्या कार्यकारिणींत नेहमीच ऐकू येतात. शाखेचे म्हणणे असे होते की आमची शाखा म्हणजे नुसते अभ्यासमंडळ नाही, तर क्लबही आहे. सभासद तिथे जेवतात, पाहुण्यांना घेऊन येतात, शहरात येणाऱ्या सभासद तिथे राहतात. वॉशिंग्टन हे शहर त्या वेळी रीतीभातींनी दक्षिणेकडचे होते. उपाहारगृहे, नाट्यगृहे, शाळा, सर्वत्र वर्णभेद पाळला जात होता. अशा शहरात एका कृष्णवर्णीय सभासदाला प्रवेश दिला तर अनेक जुन्या सभासद सोडून जातील, वर्गणी बुडेल, क्लबचा खर्च भागणार नाही आणि शेवटी शिष्यवृत्तीच्या कामालाच धक्का बसेल. शिवाय, शाखा आपले सभासद कोण असावेत ते स्वतः ठरवते. राष्ट्रीय कार्यालयाने त्यात हात घालू नये.

सभासद सोडून जातील ही भीती खरी होती आणि पुढे ती खरी ठरलीसुद्धा. पण या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरली होती, ती अशी की पदवी हा सभासदत्वाचा आधार सभागृहापुरता लागू आहे आणि भोजनगृहात दुसराच आधार चालतो. मराठी समाजाला पंक्तिभेद नवा नाही. व्यासपीठावर शेजारी बसणारी माणसे पंगतीत वेगळी बसवली जातात, तेव्हा व्यासपीठावरची समता किती खोल होती ते उघड होते. वॉशिंग्टन शाखेने नेमके तेच केले. टेरेल यांच्या पदवीबद्दल त्यांची तक्रार नव्हतीच. त्यांच्याबरोबर जेवण्याबद्दल होती.

दुसरी बाजूही तितकीच नोंदली पाहिजे. शाखेतल्या अनेक गोऱ्या सभासद या निर्णयाच्या विरोधात होत्या आणि त्यांनी आपला विरोध सभांमध्ये उघडपणे मांडला. या प्रकरणाचा इतिहास 'गोऱ्या विरुद्ध कृष्णवर्णीय' एवढाच सांगितला, तर या बायकांनी आपल्याच मैत्रिणींशी वर्षानुवर्षे घेतलेला वाद पुसला जातो.

राष्ट्रीय संस्थेची अडचण

राष्ट्रीय मंडळापुढे प्रश्न आला, तेव्हा आपले तत्त्व काय आहे हे त्यांना ठाऊक होते. वंश, धर्म किंवा राजकीय मत यांवरून भेदभाव करण्यास संस्थेत मुभा नाही, पात्रतेची कसोटी फक्त शैक्षणिक आहे, अशी भूमिका मंडळाने घेतली. या भूमिकेला आंतरराष्ट्रीय पार्श्वभूमीही होती. नाझी राजवटीत जर्मनीच्या विद्यापीठ-स्त्रियांच्या संघटनेतून ज्यू सभासदांना काढण्यात आले होते आणि १९३६ मध्ये क्राकोव्हच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय महासंघाने वंश, धर्म वा राजकीय मतांमुळे पात्र स्त्रियांना वगळणाऱ्या राष्ट्रीय संघटनांना आपल्यात जागा नसल्याचे ठरवले होते. बर्लिनमध्ये जे अमान्य केले, ते वॉशिंग्टनमध्ये चालवून घेणे अमेरिकन संस्थेला शक्य नव्हते. निदान लाज न वाटता शक्य नव्हते.

अडचण घटनेत होती. पदवीधर स्त्री सभासद होण्यास पात्र आहे, असे नियमावलीत होते. पण पात्र स्त्रीला शाखेने घेतलेच पाहिजे, असे कुठेही स्पष्ट लिहिलेले नव्हते. इतकी वर्षे तसे लिहिण्याची गरज कुणाला भासली नव्हती, कारण प्रश्नच उभा राहिला नव्हता. आणि तो उभा राहिला नव्हता, कारण मान्यताप्राप्त महाविद्यालयांच्या यादीने तो आधीच बाहेर अडवला होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात महिलांच्या डीन असलेल्या अ‍ॅल्थिया क्रॅट्‌झ हॉटल १९४७ मध्ये राष्ट्रीय अध्यक्ष झाल्या, तेव्हा हे प्रकरण त्यांच्या कारकिर्दीचा गाभाच बनले. मंडळाने शाखेला सांगितले की नियम पाळा, नाहीतर संलग्नता रद्द होईल. शाखा न्यायालयात गेली.

न्यायालयाने शाखेच्या बाजूने निकाल दिला. जिल्हा न्यायालयाचा हा निर्णय अपील न्यायालयाने जून १९४९ मध्ये कायम केला. न्यायालयाने वर्णभेद योग्य आहे असे म्हटले नाही. घटना आज जशी लिहिलेली आहे, तिच्यानुसार शाखांचा निवडीचा अधिकार काढून घेतलेला नाही आणि त्यामुळे या कारणासाठी शाखेला बाहेर काढता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. माझ्या मते या निकालाने संस्थेचे नुकसान केले नाही. उलट काम सोपे केले. मंडळाने शाखेला काढून टाकले असते आणि न्यायालयाने ते मान्य केले असते, तर हा निर्णय वरून लादलेला राहिला असता आणि देशभरच्या शाखांना त्याच्याशी आपला काही संबंध नाही असे म्हणता आले असते. आता प्रत्येक शाखेच्या प्रतिनिधीला मत द्यावे लागणार होते.

सिअ‍ॅटल, जून १९४९

त्याच महिन्यात सिअ‍ॅटलला राष्ट्रीय अधिवेशन भरले. घटनादुरुस्तीचा ठराव प्रतिनिधींपुढे आला: शाखेला सभासद घेताना शैक्षणिक पात्रतेव्यतिरिक्त दुसरी कोणतीही अट घालता येणार नाही. ठराव प्रचंड बहुमताने मंजूर झाला. दक्षिणेकडच्या राज्यांतून आलेल्या काही प्रतिनिधींना आपल्या गावी परत जाऊन या मताचा जाब द्यावा लागणार होता, हे लक्षात घेतले तर त्या मतदानाचे वजन कळते.

वॉशिंग्टन शाखेतल्या बहुसंख्य सभासदांनी दुरुस्ती स्वीकारण्याऐवजी संस्था सोडली आणि 'युनिव्हर्सिटी विमेन्स क्लब' या नावाने वेगळा क्लब काढला. राष्ट्रीय संस्थेशी निष्ठा ठेवणाऱ्या सभासदांनी वॉशिंग्टनची नवी शाखा स्थापन केली आणि मेरी चर्च टेरेल तिच्या सभासद झाल्या. अर्ज केल्यापासून जवळजवळ तीन वर्षे गेली होती.

त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. १९४९ मध्येच वॉशिंग्टनमधले भेदभावविरोधी कायदे अंमलात आणण्यासाठी स्थापन झालेल्या समितीच्या त्या अध्यक्ष झाल्या. शहराचे १८७२ आणि १८७३ सालचे दोन कायदे उपाहारगृहांना ग्राहकांत भेद करण्यास मनाई करत होते. ते कधी रद्द झाले नव्हते, फक्त विसरले गेले होते. १९५० मध्ये टेरेल आपल्या सहकाऱ्यांसह थॉम्पसन या उपाहारगृहात गेल्या, त्यांना वाढण्यास नकार मिळाला आणि त्यावरून खटला उभा राहिला. ८ जून १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते जुने कायदे अजूनही लागू असल्याचा निर्णय दिला. क्लबच्या भोजनगृहात सुरू झालेला प्रश्न सुमारे सात वर्षांत शहरातल्या सर्व उपाहारगृहांपर्यंत पोहोचला आणि दोन्ही ठिकाणी त्यांची पद्धत एकच होती: आपण पात्र आहोत हे सिद्ध करत बसण्याऐवजी, पात्र माणसाला नाकारण्याचा अधिकार तुम्हाला कोणत्या नियमाने मिळाला, हे समोरच्याला सांगायला लावणे. २४ जुलै १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

संस्थेकडे पाहिले तर सिअ‍ॅटलच्या ठरावाने निम्माच प्रश्न सुटला. पात्र स्त्रीला नाकारण्याचा शाखेचा अधिकार गेला, पण पात्र कोण हे ठरवणारी यादी राहिली आणि तिच्यातली महाविद्यालये हळूहळू वाढत गेली. सभासदत्वाच्या अटी त्यानंतरही अनेकदा बदलल्या: १९८७ मध्ये पुरुषांना प्रवेश मिळाला आणि २००५ मध्ये दोन वर्षांची पदवी घेतलेल्यांनाही सभासद होता येईल असे ठरले. प्रत्येक वेळी अधिवेशनात तोच वाद झडला, की दार अधिक उघडले तर संस्थेची ओळख पातळ होईल. १९४६ ची वॉशिंग्टन शाखा हेच म्हणत होती. तेव्हा आणि नंतरही, ज्या शिष्यवृत्ती निधीच्या नावाने ही भीती दाखवली गेली, तो निधी चालूच राहिला.